मदत हवी आहे: कॉन्टेसासाठी ३.९ चा क्राउन-पिनियन (मागच्या एक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) ठेवू की ४.३ / ४.५६ घालू? (रोजचा वापर + ४०२ मीटर ड्रॅग, म्हणजे सरळ पट्टीवरची शर्यत)

पंचवटीकर
गाडी कॉन्टेसा, इझुझू १.८ पेट्रोल. इंजिन मूळचंच आहे, फक्त कार्बुरेटर आणि एक्झॉस्ट स्वच्छ करून ट्यून केलेले. टॉर्क साधारण १४ किलोग्रॅम-मीटर धरा. ६००० आरपीएमच्या वर नेणार नाही. गिअरबॉक्स आणि मागचं हाऊसिंग (एक्सलची पेटी) आधीच्या मालकाने दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं बसवलंय, त्यामुळे पुस्तकातले आकडे उपयोगाचे नाहीत. गिअरबॉक्सचे दात मोजून निघालेले रेशो: ३.६, २.१, १.४, १ आणि पाचवा ०.८. मागे जुन्या कागदावर क्राउनचे ३९ दात, पिनियनचे १० (३९/१०), म्हणजे ३.९. टायर १९५/६० आर १४.

गाडी आठवड्यातून दोनदा नाशिक-मुंबई करते, आणि बंद धावपट्टीवरच्या ड्रॅगमध्ये उतरवायची आहे. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये याच हाऊसिंगला बसणारे ४३/१० (४.३) आणि ४१/९ (४.५६) असे दोन सेट आहेत. सगळे म्हणतात ड्रॅगला जितका मोठा आकडा तितकं बरं. ४.५६ घेऊन टाकू का?

दातमोज्या
थांबा. एक्सलचा आकडा स्टार्ट लाइनवरून ठरवत नाहीत, फिनिश लाइनवरून मागे मागे येत ठरवतात.

आधी टायरचा खरा घेर काढा, साइडवॉलवरून गणित करू नका. टायरला खडूची खूण, जमिनीवर खूण, ड्रायव्हर आत बसवून गाडी चाकाच्या पाच फेऱ्या ढकला आणि टेप लावा. या मापाच्या टायरला ९ मीटरच्या आसपास येईल, म्हणजे एका फेरीला १.८० मीटर. मग वेग = आरपीएम × घेर × ०.०६ ÷ (गिअर × एक्सल).

६००० ला तिसऱ्यात:
३.९ → ११९ किमी/तास
४.३ → १०८
४.५६ → १०२

आता तुमची गाडी ४०२ मीटरला किती वेगाने पोचेल? ड्रायव्हरसकट १२८० किलो आणि ८८ अश्वशक्ती धरली तर साधारण ११८. म्हणजे आहे त्या ३.९ वर तुम्ही तिसऱ्यातच, इंजिन वर असताना, लाइन ओलांडता. ४.३ घातला की लाइनच्या थोडं आधी, १०८ ला, चौथा टाकावा लागतो. क्लच दाबून गिअर पडेपर्यंत ०.४ सेकंद गेले तरी गाडी १२ मीटर जोराविना घरंगळते. ४.५६ मध्ये तेच, फक्त आणखी आधी. तुम्ही पैसे देऊन एक गिअर बदलणं विकत घेताय.

पंचवटीकर
पण सुटताना जोर तर वाढेल ना? पहिल्यात ३.६ × ४.५६ म्हणजे १६.४. आत्ता १४ आहे.

दातमोज्या
जोर वाढेल, पण रस्ता तो घेणार नाही. १४ चा टॉर्क × १४ = १९६. टायरच्या त्रिज्येने (०.२९) भागा: ६७५ किलो. गिअरबॉक्स, जॉइंट, क्राउन यांत १५ टक्के जातात असं धरलं तर ५७५ किलो जमिनीवर. सुटताना वजन मागे झुकून मागच्या चाकांवर समजा ६५० किलो आलं, आणि साध्या रेडियलची पकड ०.८ ते ०.९ धरली, तर टायर पेलतो ५२० ते ५८५. तुम्ही आत्ताच काठावर आहात. ४.५६ वर तोच जोर ६७० च्या पुढे जातो, म्हणजे धूर निघेल आणि वेळ वाढेल.

सुटल्यावर मध्येच जोर गेल्यासारखं, रिकामं वाटत असेल, तर ते बहुतेक पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये. ६००० ला पहिला सोडला की दुसऱ्यात थेट ३५००. एक्सल कुठलाही घाला, ही दरी तेवढीच राहते, ती गिअरबॉक्सच्या दातांत आहे. इझुझूचा टॉर्क खालीच मिळतो म्हणून चालून जातं. उद्या वरच्या आरपीएमला जोर देणारा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) घातलात तर मात्र इथेच गाडी मरगळेल.

घाटवाट
हायवेचं मी जोडतो. पाचव्यात १०० ला ३.९ वर २९०० आरपीएम, ४.३ वर ३२००, ४.५६ वर ३४००. समृद्धीवर १२० धरले तर ४.५६ ला ४०५०, तासन्‌तास. कार्बुरेटरची गाडी आहे, पेट्रोलचा हिशेब आपला आपण करा. कसारा चढताना ४.३ बरा वाटेल हे खरं, पण तिथे चौथा टाकायला कोणी अडवलेलं नाही.

सातपूरचा टर्नर
वरचं सगळं पटलं. तरीही कधी सेट बदललाच तर या गोष्टी सांभाळा, कारण बहुतेक जण इथेच फसतात.

क्राउन आणि पिनियन जोडीनेच येतात, दोन्हींवरचा कोरलेला नंबर जुळला पाहिजे. सुटा पिनियन कितीही नवा असू दे, घेऊ नका. आकडा वाढतो तसा पिनियन बारीक आणि कमी दातांचा होतो, ४१/९ चा ३९/१० पेक्षा नाजूक. क्रश स्लीव्ह (पिनियनच्या बेअरिंगांमधली दाबली जाणारी नळी) असेल तर ती नवीनच, दाबलेली पुन्हा चालत नाही. बॅकलॅश (दातांमधली ढिलाई) डायल गेजने क्राउनवर तीन-चार जागी बघा. गाडीचा आकडा मिळाला नाही तर ०.१२ ते ०.२० मिमी धरा. मग दातांना प्रशियन ब्लू (ठसा दाखवणारा निळा रंग) लावून दोन्हीकडे फिरवा. ठसा दाताच्या मुळाशी पडला तर पिनियन फार आत गेलाय, डोक्यामागची शिम (पातळ चकती) कमी करा. टोकाशी पडला तर वाढवा. फक्त "आवाज नाही ना" म्हणून बंद केलेलं हाऊसिंग हजार किलोमीटरांत घूं घूं करायला लागतं, आणि एकदा दात त्या जागी घासले की नंतर शिम बदलून काही होत नाही.

हाऊसिंगमध्ये जीएल-५ प्रतीचं गिअर तेल. तेच गिअरबॉक्समध्ये ओतू नका, पितळी सिंक्रो रिंगा (गिअर सहज पडू देणाऱ्या) खातं, तिथे जीएल-४. नव्या सेटला पहिले २५ किमी हळू, मग पूर्ण गार, ८०० ला तेल बदल. त्याआधी ड्रॅग नाही.

आणि डिफरन्शियलचे स्पायडर (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) वेल्ड करून घ्या असं कोणी सांगेल. नका करू. सरळ पट्टीवर ठीक, पण द्वारका सर्कलला वळताना दोन्ही चाकं सारखीच फिरायला बघतात आणि एक्सल शाफ्ट पिळला जातो.

पंचवटीकर
समजलं. सेट घेत नाही. ३९/१० हा जुन्या कागदावरचा आकडा आहे, हाऊसिंग न उघडता खात्री करता येईल का?

सातपूरचा टर्नर
येईल. पुढच्या चाकांना दगड, मागून दोन्ही चाकं उचलून जॅक स्टँडवर, न्यूट्रल. प्रॉपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून मागे येणारा दांडा) आणि हाऊसिंगवर खडूची रेघ. दोघांनी दोन्ही चाकं एकदम दहा फेऱ्या फिरवा, तिसऱ्याने शाफ्टच्या मोजा. ३९ आल्या की ३.९. माणूस कमी असेल तर एक चाक जमिनीवरच ठेवून दुसरं वीस फेऱ्या फिरवा, उत्तर तेच.

दातमोज्या
सेटचे पैसे वाचले त्यात मागचे दोन मऊ टायर घ्या, हाच घेर ठेवून. धावपट्टीवर मागे २४ पीएसआय ठेवून बघा, दोन-दोनने कमी-जास्त करत. परतीच्या रस्त्याला लागण्याआधी पुन्हा भरा, घाटात तेवढ्या हवेवर गाडी मागून डोलते.