आईवडील गंभीर आजारी आणि आपण परदेशात: रजा शेवटासाठी राखून ठेवू नका

दूरचा_पत्ता

बरेच दिवस विषय डोक्यात घोळतोय म्हणून धागा काढतोय. आईला हार्ट फेल्युअर आहे. वडील आणि धाकटा भाऊ तिच्याजवळ, मी परदेशात. अशी बातमी आली की चारी बाजूंनी एकच सल्ला मिळतो, आत्ता घाई करू नकोस, रजा जपून ठेव, वेळ आली की निघ. माझं स्पष्ट मत आहे की हा सल्ला चुकीचा आहे. ती वेळ येते तेव्हा माणूस बहुतेकदा बोलण्याच्या अवस्थेत नसतो, गुंगीत असतो नाहीतर तोंडात नळी असते, आणि आपण विमानातून उतरून बॅगेसकट आयसीयूच्या दारात उभे राहतो ते मुख्यतः स्वतःच्या समाधानासाठी. त्यापेक्षा ती बसून बोलतेय, भांडतेय, जुनं काही सांगतेय तेव्हा जा, रजा तिथे खर्च करा.

फोनवर खरं काही कळत नाही. कॉल लावला की आई केस विंचरून समोर बसते आणि मी बरी आहे म्हणते. एकदा वडिलांनी न बोलता तिच्या घोट्यावर अंगठा दाबून कॅमेऱ्यासमोर धरला, अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला, पायात पाणी भरलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी काही खायच्या आधी वजन करायचं आणि आकडा मला पाठवायचा असं ठरलंय. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढ दिसली की डॉक्टरांना फोन मी लावतो. म्हणजे लांबून काहीच करता येत नाही हेही मला मान्य नाही.

आणि एक, जो माणूस पलंगाजवळ आहे त्याचा शब्द शेवटचा. आपण प्रश्न विचारावेत, निर्णय फिरवू नयेत. विरोधी मतं असतील तर मोकळेपणाने मांडा.

मागे_राहिलेली

शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत, आधीच्या सगळ्याशी नाही. लवकर या म्हणता, पण येऊन करता काय ते सांगा ना. बाबांना पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आला, उजवी बाजू गेली, गिळता येत नाही म्हणून नाकातून नळी. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे मी आणि मावशी, म्हणजे कामाला ठेवलेल्या बाई, दिवसरात्र करतोय. दादा आला, बाबांना बघून रडला, आणि दुसऱ्याच दिवशी म्हणे नळी कशाला, मी भरवतो. स्पीच थेरपिस्टने तोंडाने काही देऊ नका म्हणून सांगितलेलं, मीही सांगितलं, तर मलाच म्हणाला तुम्ही लोकांनी आशाच सोडलीय. प्रेमाने चार चमचे भरवले. रात्री ताप आणि छातीत घरघर, अन्न फुप्फुसात गेलेलं. दादाची रजा संपली, तो गेला, न्यूमोनिया आम्ही निस्तरला.

त्याचं प्रेम खोटं नव्हतं, मला माहितीय. पण पाहुण्यासारखं यायचं आणि मालकासारखं वागायचं हे जवळ असणाऱ्याला फार लागतं. तुम्ही म्हणता बोलता येतंय तोवर जा, मी म्हणते शिकायची तयारी असेल तर जा. पहिले चार दिवस फक्त बघा. कूस कशी बदलतात, नळीतून किती आणि किती हळू देतात, डोकं किती वर ठेवतात. मग हात लावा.

एकुलता

धागाकर्त्यांशी तीव्र असहमत, आणि राग मानू नका. तुमचं सगळं गणित भाऊ जवळ आहे या पायावर उभं आहे. ज्याला भाऊबहीण नाही, वडील आधीच गेलेत, त्याने पलंगाजवळच्या माणसाचा शब्द शेवटचा म्हणजे कुणाचा मानायचा? पगारी बाईचा? मी तिथली नोकरी सोडून परत आलो. आईला डिमेन्शिया आहे.

दुसरं, बोलता येतंय तोवर जा हे मला फार खटकलं. म्हणजे बोलणं संपलं की गरज संपली? आईला आता माझं नाव येत नाही. पण संध्याकाळ झाली की ती बेचैन होते, दाराची कडी चाचपत राहते, मला घरी जायचंय म्हणते, स्वतःच्याच घरात. या आजारात संध्याकाळी असं वाढतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. तेव्हा मी शेजारी बसून तिचा हात धरून ठेवतो आणि हळूहळू ती शांत होते, मी कोण हे कळत नसूनही. हे व्हिडिओवर होत नाही, आधी जाऊन मारलेल्या गप्पांच्या शिलकीवरही होत नाही. रजा शेवटाला की सुरुवातीला हा वादच ज्यांना परत यायचं नाही त्यांचा आहे असं माझं मत.

रात्रपाळी

मी आयसीयूत काम करते. वरचे तिघेही वेगवेगळ्या आजारांबद्दल बोलताहेत आणि म्हणून एकमेकांशी भांडताहेत असं मला वाटतं.

२००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे स्कॉटलंडच्या मरे आणि सहकाऱ्यांचा एक लेख आला होता, त्यात शेवटाकडे जाणाऱ्या आजारांच्या तीन ढोबळ वाटा मांडल्यात. कॅन्सरमधे माणूस बराच काळ बऱ्यापैकी हिंडताफिरता असतो आणि मग काही आठवड्यांत किंवा थोड्या महिन्यांत झपाट्याने उतरतो. हार्ट फेल्युअर किंवा फुप्फुसाच्या जुनाट आजारात खालीवर चालतं, एकदम बिघडतं, अ‍ॅडमिट, परत घरी, पण आधीपेक्षा थोडं खालच्या पायरीवर, आणि यातलं कुठलं अ‍ॅडमिशन शेवटचं हे आम्हालाही आधी सांगता येत नाही. तिसरी वाट डिमेन्शिया किंवा म्हातारपणच्या क्षीणतेची, वर्षानुवर्षं हळूहळू.

म्हणजे धागाकर्त्यांच्या आईच्या बाबतीत वेळ आली की निघ हा सल्ला खरंच निरुपयोगी आहे, कारण ती वेळ ओळखूच येत नाही. कॅन्सरमधे उतार दिसायला लागला की एक दिवसही थांबू नये. आणि एकुलता यांच्या आजारात रजेचा हिशोबच लागू होत नाही, तिथे प्रश्न कायमच्या माणसाचा आहे. डॉक्टरांना "किती दिवस" असं विचारू नका, आम्ही अंदाजच सांगणार. त्याऐवजी विचारा, पुढच्या सहा महिन्यांत त्या गेल्या तर तुम्हाला आश्चर्य वाटेल का? यावर बरेच डॉक्टर जास्त खरं बोलतात.

मागे_राहिलेली, तुमच्या दादाचा प्रकार इतका नेहमीचा आहे की त्याला वैद्यकात नावच आहे. १९९१ साली अमेरिकेच्या जेरियाट्रिक्स (वृद्धांचं वैद्यक) सोसायटीच्या जर्नलमधे मोलॉय आणि सहकाऱ्यांनी "कॅलिफोर्नियाहून आलेली लेक" असं त्याला म्हटलंय. लांबून येणारं मूल शेवटी पोचतं आणि सगळं करा, काहीच सोडू नका म्हणून हटून बसतं. मी त्यांना दोष देत नाही. जवळच्यांनी उतार रोज थोडा थोडा बघितलेला असतो, लांबच्याला तो एका दिवसात बघावा लागतो.

यावर उपाय एकच, पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी, टीम लवकर घ्या. परदेशातून फोनवर हा शब्द ऐकला की मुलांना वाटतं उपचार थांबवले. तसं नाहीये, उपचारांच्या बरोबरीने देतात. २०१० साली न्यू इंग्लंड जर्नलमधे फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटांचा अभ्यास आला, ज्यांना सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळाली त्यांचा त्रास कमी झालाच, आणि ते जास्त जगले, मध्यक (मीडियन) ११.६ महिने विरुद्ध ८.९.

कागदवाला

जा, परत जा, सगळं बरोबर, पण प्रत्येकाला जाता येतं का? मी अमेरिकेत. इथे १९९३ चा फॅमिली मेडिकल लीव्हचा कायदा आहे, आईवडिलांसाठी वर्षात १२ आठवडे मिळतात, पण बिनपगारी, आणि तेही त्या कंपनीत वर्ष झालं असेल, वर्षात १२५० तास भरले असतील आणि आसपास किमान ५० नोकर असतील तर. सासूसासरे त्यात बसत नाहीत, हे बऱ्याच जणांना ऐनवेळी कळतं. ज्यांचा ग्रीन कार्डचा अर्ज पेंडिंग आहे त्यांनी, काही ठराविक व्हिसा सोडले तर, अ‍ॅडव्हान्स परोल, म्हणजे बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी, हातात नसताना देश सोडला की अर्जच सोडून दिला असं धरतात. माझा एक मित्र असाच अडकला, वडील गेले तेव्हा तो इथे. त्याला कुणीतरी म्हणालं इच्छा असती तर गेला असतास. इच्छा! बायकोमुलांचं इथलं राहणं त्या एका कागदावर होतं हो.

आणि पैशाबद्दल कुणी बोलत नाही. वरच्या ताईंकडे दिवसरात्र बाई आहेत, नळी, औषधं, थेरपिस्ट, हे कुठून येतं? अनेक घरांत ते परदेशातल्या पगारातून येतं. नोकरी सोडून जवळ बसलं की तेच बंद पडतं.

मागे_राहिलेली

येतं ना, दादाच पाठवतो आणि वेळेवर पाठवतो, ते मी नाकारत नाही. पण रात्री तीनला कूस पैसे बदलत नाहीत. आणि एक गोष्ट, तो रोज फोन करतो आणि रोज विचारतो बाबा कसे आहेत. तू झोपलीस का, हे गेल्या कित्येक महिन्यांत एकदाही नाही.

पिकलं_पान

मी दुसऱ्या बाजूची, म्हणजे आजारी आई. सत्तरी ओलांडली आहे, कॅन्सर आहे, मुलगी परदेशात. तिला मी बरेच दिवस कळू दिलं नाही, यजमानांनाही शपथ घातली. तुम्ही सगळी मुलं आपसात ठरवताय यावं की न यावं, आम्हाला कुणी विचारतंय का? मी तिला येऊ नकोस म्हणाले ते तोंडदेखलं नव्हतं. माझे केस गेलेत, उलट्या होतात, या दिवसांत मला कुणी जवळ नको असतं. तिने नोकरी सोडली तर तिच्याकडे बघताना मला रोज तेच दिसेल. आमचा नकार हा नकारच असतो कधीकधी, त्यात लपलेलं हो शोधू नका.

रात्रपाळी

काकू, तुमचा येऊ नको म्हणायचा अधिकार मला पूर्ण मान्य. पण लपवण्याच्या विरोधात मी आहे आणि स्पष्ट बोलते. घरातल्यांना शपथ घातली की आजारपणाबरोबर गुपितही त्यांनीच वाहायचं. काकांना मुलीशी रोज खोटं बोलावं लागलं असणार, आणि पुढे कळल्यावर मुलीचा राग तुमच्यावर नाही, त्यांच्यावर निघतो, हे मी वॉर्डात बघितलंय. तिला खरं सांगा आणि मग येऊ नको सांगा. अजून एक, उद्या तुम्ही बेशुद्ध झालात तर व्हेंटिलेटर हवा की नको हे आत्ता लेखी करून ठेवा, तिच्यासमोर, व्हिडिओवर का होईना. ते ठरलेलं नसलं की आयसीयूच्या दारात काका एक म्हणतात, फोनवर लेक दुसरं, आणि तोवर नळी घातलेली असते.

पिकलं_पान

लेखी करते. बाकीचं विचार करते.

कागदवाला

लेखीवरून आठवलं, सगळ्यांनी बघून घ्या. साधं मुखत्यारपत्र अनेक देशांत माणसाचं भान गेलं की आपोआप संपतं, म्हणजे ज्या दिवशी लागणार त्याच दिवशी निकामी. काही ठिकाणी वेगळी सोय आहे, इंग्लंड-वेल्समधे २००७ पासून लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी आहे, ती भान गेल्यावरही चालते, पण करावी लागते ती शुद्धीत असतानाच. आईवडील राहतात तिथला कायदा काय म्हणतो ते तिथल्या वकिलाला आत्ता विचारा. बँकेत निदान एक जॉइंट खातं असू द्या.

दूरचा_पत्ता

एकुलता, बोलणं संपलं की गरज संपली असं मी म्हणत नाहीये. माझा मुद्दा ज्याच्याकडे मोजकीच रजा आहे त्याच्यापुरता आहे. तुम्ही परत गेलात ही फार मोठी गोष्ट आहे, पण ती प्रत्येकाची कसोटी करू नका. माझ्या आईजवळ माणसं आहेत, तिला मी कायमचा तिथे यायला नकोय, तिला माझ्याशी भांडायला मी मधेमधे हवाय. शेवटाला मी पोचलो नाही तर? हा प्रश्न मला झोपू देत नाही, तरीही मी रजा आत्ताच घेणार, पुढच्या महिन्याचं तिकीट काढलंय. रात्रपाळी, नाहीच पोचलो तर फोन कानाला लावण्याला काही अर्थ असतो का?

रात्रपाळी

आम्ही लावू देतो. २०२० साली कॅनडात हॉस्पिसमधल्या, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या माणसांची काळजी घेणाऱ्या केंद्रातल्या, प्रतिसाद न देणाऱ्या पेशंटांचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढून बघितला, त्यातल्या काहींचा मेंदू शेवटच्या तासांतही आवाजांना प्रतिसाद देत होता. अर्थ कळतो का हे त्यातून सिद्ध होत नाही. म्हणून मी नातेवाइकांना खोटी खात्री देत नाही, पण बोला म्हणते. आणि फोन स्पीकरवर ठेवून सगळ्यांनी मागे रडू नका, एकाने बोला, नाव घेऊन बोला.

एकुलता

मला अजूनही पटलेलं नाही. कसोटी मी लावत नाहीये. मधेमधे येणं म्हणजे चांगले दिवस तुम्हाला आणि वाईट दिवस भावाला, हे वाटप त्याला विचारून केलंय का, एवढंच सांगा.

दूरचा_पत्ता

नाही विचारलं. तो रागवेल म्हणून टाळतोय. पण तिकिटाच्या आधी विचारायला हवं होतं असं मला वाटत नाही, तिथे गेल्यावर समोर बसून विचारेन, आणि मी असेन तेवढे दिवस त्याने घराबाहेर पडावं, रात्रीचं सगळं माझ्याकडे.

मागे_राहिलेली

समोर बसून कशाला, आज फोन करा. तुम्ही येणार त्या तारखा त्याला आजच सांगितल्या तर त्याला त्या दिवसांत स्वतःचं काहीतरी ठरवता येईल, त्याच्या स्वतःच्या दातांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट तरी. आणि वजनाच्या आकड्याबरोबर औषधांची यादीही मागून घ्या, पाणी काढायची गोळी किती वाजता देतात, जेवण किती मिठाचं, रात्री किती उशा लावून झोपतात, उशी एकाने वाढली की दम वाढलाय समजायचं. पहिल्या रात्री त्याला उठवून विचारायची वेळ येऊ देऊ नका.