आयडल उघडतच नाही, मॉड्यूल सापडत नाही म्हणतंय. तातडीने मदत हवी आहे

घाईगडबड
पायथनसोबत येणारं कोड लिहायचं साधन, आयडल, उघडत नाहीये. कमांड दिली की टीकेइंटर (आयडलला लागणारी खिडक्यांची लायब्ररी) इम्पोर्ट होत नाही असं काहीतरी येतं आणि टर्मिनल परत जिथल्या तिथे. परवापर्यंत व्यवस्थित चालत होतं, मी काहीही बदललेलं नाही. पिपने (पायथनची पॅकेजेस उतरवणारी कमांड) ते टाकायचा प्रयत्न केला, तेही होत नाही. उद्या प्रोग्रॅम चालवून दाखवायचा आहे. कृपया थेट उपाय सांगा, पाल्हाळ नको.

जुनाखांब
ऑपरेटिंग सिस्टीम कोणती? पायथनची आवृत्ती कोणती? ते बसवलं कसं? आणि 'असं काहीतरी' म्हणजे नेमकं काय? जे दिसतंय ते जसंच्या तसं चिकटवा.

चटकन
पिप इन्स्टॉल टीके करा. टीकेइंटर नाही, नुसतं टीके. माझं त्यानेच झालं होतं.

टिंबटिंब
नाही होणार. टीकेइंटर पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीतच आहे, ते पिपने येत नाही. म्हणूनच धागाकर्त्याला पिप 'जुळणारं काही सापडलं नाही' म्हणत असणार. आणि पायपीआयवर (पिप जिथून पॅकेजेस आणतं तिथे) 'टीके' नावाचं जे पॅकेज आहे ते टेन्सरकिट आहे, डीप लर्निंगवाल्यांचं. त्याचा खिडक्या-बटणांशी काडीचाही संबंध नाही. नाव बघून रोज कितीतरी लोक ते उतरवून घेतात.

चटकन
मी स्वतः केलंय हो. त्यानंतर चाललं.

टिंबटिंब
त्यानंतर चाललं असेल, त्यामुळे नाही. सोबत अजून काय काय केलं होतं ते आठवून बघा.

खिडकीपाशी
यावर हमखास उपाय आहे. पायथनचा इन्स्टॉलर परत चालवा, 'मॉडिफाय' निवडा. पुढच्या पानावर 'टीसीएल/टीके अँड आयडल' असा चौकोन दिसेल, त्यात टिचकी हवी. बरेच जण 'कस्टमाइज'मध्ये जाऊन ती काढून टाकतात आणि मग आयडल स्टार्ट मेनूतून गायब होतं. टिचकी मारा, नेक्स्ट, इन्स्टॉल. दोन मिनिटांचं काम.

घाईगडबड
विंडोज नाहीये. उबुंटू २२.०४. टर्मिनल म्हटल्यावर कळेल असं वाटलं होतं.

खिडकीपाशी
टर्मिनल विंडोजमध्येही असतं.

पेंग्विनप्रेमी
उबुंटू म्हणजे प्रश्नच मिटला. डेबियन आणि उबुंटूवाले टीकेइंटर मुख्य पायथनसोबत देत नाहीत, वेगळं ठेवतात. ज्या सर्व्हरला पडदाच नाही त्यावर खिडक्यांची लायब्ररी कशाला, असा विचार. तेव्हा: सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-टीके. (मंचावर देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये रोमनमध्येच टंका.) फेडोरावर हेच पॅकेज पायथन३-टीकेइंटर नावाने मिळतं, आर्चवर नुसतं टीके. धागा बंद करायला हरकत नाही.

घाईगडबड
केलं. 'आधीच नवीनतम आवृत्ती आहे' असं सांगतंय. एरर तोच. धागा बंद करू नका.

उंटावरून
मग पायथनच बिघडलंय. सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथन३ करा आणि नव्याने टाका. मी दर सहा महिन्यांनी करतो, मशीन एकदम हलकं होतं.

पेंग्विनप्रेमी
अहो थांबा!! हे अजिबात करू नका. उबुंटूची निम्मी साधनं त्याच पायथनवर उभी आहेत. ते काढायला गेलात की सोबत काय काय जाणार याची लांबलचक यादी ॲप्ट दाखवतं, घाईत माणूस 'वाय' दाबतो आणि पुढच्या वेळी डेस्कटॉपच येत नाही. उंटावरून, तुम्ही हे खरंच दर सहा महिन्यांनी करता?

उंटावरून
विंडोजवर करतो.

घाईगडबड
वाय दाबलं नाही. यादी बघूनच घाबरले.

सावळागोंधळ
आयडल हवंय कशाला पण? २०२४ साली आयडल कोण वापरतं? व्हीएस कोड टाका, पायथनचं एक्स्टेन्शन घाला, सुटलात. ओळ आपोआप पूर्ण होते, गिट आहे, डिबगर आहे.

जुनाखांब
व्हीएस कोड टाकून टीकेइंटर येणार आहे का? एडिटर बदलला तरी खाली इंटरप्रिटर तोच राहतो. त्यांच्या प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीत इम्पोर्ट टीकेइंटर असेल तर व्हीएस कोडच्या रंगीत पट्टीत हाच एरर दिसेल, एवढाच फरक.

सावळागोंधळ
प्रोग्रॅममध्ये टीकेइंटर आहे असं त्यांनी कुठे म्हटलंय?

घाईगडबड
आहे. खिडक्यांचाच प्रोग्रॅम आहे.

जुनाखांब
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. असो. आवृत्ती अजून सांगितली नाहीत. एक काम करा: पायथन३ -एम टीकेइंटर असं चालवा. सगळं ठीक असेल तर एक इवलीशी खिडकी उघडते, तिच्यात टीसीएल/टीकेची आवृत्ती आणि दोन बटणं. नसेल तर जे काही लाल-पांढरं येईल ते सगळं इथे चिकटवा.

घाईगडबड
ट्रेसबॅक, मग चार-पाच ओळी, मग मॉड्यूलनॉटफाउंडएरर, नो मॉड्यूल नेम्ड टीकेइंटर. सांगितलं तेच.

नावातकायआहे
तुमच्या फोल्डरमध्ये टीकेइंटर.पीवाय नावाची स्वतःची फाइल आहे का? पैजेवर सांगतो, तेच असणार. शिकणारे सगळे तेच करतात: रँडम शिकताना रँडम.पीवाय, टर्टल शिकताना टर्टल.पीवाय. पायथन आधी स्क्रिप्टच्याच फोल्डरमध्ये शोधतं, त्याला तुमची फाइल सापडते आणि खरी लायब्ररी बाजूला राहते. आयडलच्या बाबतीत तर त्याचा शेलसुद्धा यामुळे सुरू होत नाही. ३.१३ पासून पायथन स्वतःच अशा वेळी फाइलचं नाव बदला म्हणून सुचवतं.

टिंबटिंब
निदान बरोबर, रुग्ण चुकीचा. तशी फाइल असती तर मॉड्यूल *सापडलं* असतं, चुकीचं का होईना. मग एरर आला असता की अमुक नाव इम्पोर्ट करता येत नाही, किंवा 'टीकेइंटर इज नॉट अ पॅकेज'. इथे मॉड्यूल नाहीच म्हणतंय.

नावातकायआहे
तरी बघायला काय जातंय?

घाईगडबड
बघितलं. नाही तशी फाइल.

कुतूहल_९
अवांतर: टीकेइंटरचा उच्चार काय करायचा? आमच्याकडे सगळे टिंकर म्हणतात.

जुनाखांब
टी-के-इंटर. टीके हे टीसीएल भाषेचं खिडक्यांचं साधन, त्याच्याशी बोलणारा इंटरफेस म्हणून इंटर. पायथन २ मध्ये पहिलं अक्षर मोठं होतं, ३ मध्ये लहान झालं. जुनी पुस्तकं बघून टंकणाऱ्यांना त्यापायीही हाच एरर येतो.

गोगलगाय
मलाही सेम एरर येतोय, फक्त सीव्ही२ साठी. पिप इन्स्टॉल सीव्ही२ होत नाही. कोणी सांगेल का?

टिंबटिंब
सेम नाही. इम्पोर्टचं नाव आणि पॅकेजचं नाव दर वेळी एकच नसतं. सीव्ही२ साठी ओपनसीव्ही-पायथन, पीआयएल साठी पिलो, वायएएमएल साठी पायवायएएमएल, एसकेलर्न साठी सायकिट-लर्न. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे आधीच गर्दी झाली आहे.

डब्लूडब्लू
धागाकर्ते दादा, दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने चढून तर चालवत नाही ना? तिथे डिस्प्ले नसतो, खिडकी उघडणार कुठे? डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) असेल तरी तपासा.

पेंग्विनप्रेमी
तो एरर 'नो डिस्प्ले नेम' असा येतो. म्हणजे टीकेइंटर मिळालं पण पडदा मिळाला नाही. यांना टीकेइंटरच मिळत नाहीये. आणि खरं सांगू का, मलाही आता कळेनासं झालंय. पायथन३-टीके बसलेलं असताना हा एरर यायलाच नको.

घाईगडबड
स्वतःच्याच लॅपटॉपवर आहे. आणि दादा नाही, ताई.

टिंबटिंब
ताई, एक कृपा करा. एरर आठवणीने टंकू नका. शेवटच्या तीन ओळी माउसने उचलून जशाच्या तशा चिकटवा. आणि टाइप -ए पायथन३ चालवून काय येतं तेही.

घाईगडबड
घ्या.

इम्पोर्ट _टीकेइंटर # इफ धिस फेल्स युवर पायथन मे नॉट बी कॉन्फिगर्ड फॉर टीके
मॉड्यूलनॉटफाउंडएरर: नो मॉड्यूल नेम्ड '_टीकेइंटर'

आणि दुसऱ्याचं:
पायथन३ इज /होम/…/.पायएन्व्ह/शिम्स/पायथन३
पायथन३ इज /यूएसआर/बिन/पायथन३

आधी हेच तर लिहिलं होतं.

टिंबटिंब
आधी अंडरस्कोर लिहिला नव्हता! सगळं त्या एका आडव्या रेघेत आहे.

नुसतं 'टीकेइंटर' नाही असा एरर आला तर समजायचं की पायथन फायलींचा तो फोल्डरच नाही. उबुंटूच्या स्वतःच्या पायथनवर पायथन३-टीके नसेल तर असं होतं, पेंग्विनप्रेमींचा उपाय त्यासाठीच. '_टीकेइंटर' नाही म्हटलं तर फोल्डर आहे, पण त्याच्या पोटातला सी भाषेतला भाग बांधलाच गेलेला नाही. म्हणजे हे पायथन मूळ सोर्स कोडपासून तुमच्याच मशीनवर बांधलेलं आहे. दुसऱ्या उत्तरात दिसतंयच, पायएन्व्ह, म्हणजे पायथनच्या वेगवेगळ्या आवृत्त्या बसवायचं साधन.

ॲप्टने टीके घातलं ते /यूएसआर/बिन मधल्या ३.१० ला. तुमची कमांड पोचते पायएन्व्हच्या पायथनपाशी. जेवायला एका घरी बोलावलंय आणि ताट वाढलंय शेजारी. 'काहीही बदललं नाही' असं म्हणाला होतात, पायएन्व्ह कधी टाकलं?

घाईगडबड
परवा रात्री. ३.१२ हवं होतं म्हणून. पण ते तर नवीन आवृत्ती टाकणं झालं, बदलणं कसं?

जुनाखांब
😐

पेंग्विनप्रेमी
टिंबटिंब, मान गये. माझा उपाय बरोबर होता, फक्त दुसऱ्या पायथनला लागू पडला. ताई, खात्रीसाठी /यूएसआर/बिन/पायथन३ -एम टीकेइंटर असं पूर्ण पत्त्यासकट चालवा.

घाईगडबड
उघडली खिडकी! म्हणजे जुनं अजून आहे. मग नवीन का नाही चालत? बांधताना एररही आला नव्हता, शेवटी 'इन्स्टॉल्ड' असं लिहून आलं.

टिंबटिंब
टीकेइंटर ऐच्छिक आहे म्हणून. बांधताना टीकेच्या हेडर फायली (बांधकामाला लागणाऱ्या सी भाषेतल्या फायली) मिळाल्या नाहीत की ते मॉड्यूल गुपचूप वगळलं जातं आणि काम पुढे जातं. एसएसएल नसेल तर पायएन्व्ह अडून बसतं, पण टीकेइंटर, बीझेड२, एलझेडएमए यांच्यासाठी नुसती वॉर्निंग देऊन सोडतं. तुम्हालाही आली असणार, 'मिसिंग द टीके टूलकिट?' अशी प्रश्नचिन्हाची ओळ.

घाईगडबड
हो, काहीतरी प्रश्नचिन्हाचं आलं होतं. इन्स्टॉल्ड दिसल्यावर वर बघितलं नाही.

टिंबटिंब
आता क्रमाने. आधी सुडो ॲप्ट इन्स्टॉल टीके-डेव्ह. लक्षात घ्या, पायथन३-टीके नाही, टीके-डेव्ह; बांधकामाला हेडर लागतात. सोबत लिबबीझेड२-डेव्ह, लिबएलझेडएमए-डेव्ह, लिबएसक्यूलाइट३-डेव्ह, लिबएफएफआय-डेव्ह आणि लिबरीडलाइन-डेव्ह एकदमच टाका, नाहीतर पुढच्या आठवड्यात पांडास 'तुमचं पायथन अपुरं आहे' म्हणून कुरकुरेल आणि तुम्ही परत इथे याल. मग पायएन्व्ह इन्स्टॉल --फोर्स आणि पुढे तुमची ३.१२ ची नेमकी आवृत्ती. त्याआधी पिप फ्रीझ करून बसवलेल्या पॅकेजेसची यादी एका फाइलमध्ये ठेवून द्या. पायएन्व्हला सुडो लावू नका, ते घरच्या फोल्डरमध्येच असतं.

नुसतं टीके-डेव्ह टाकून थांबलात तर काही होणार नाही. परत बांधावंच लागतं. लोक इथेच अडकतात.

सावळागोंधळ
एवढं करण्यापेक्षा उद्यापुरतं जुन्या ३.१० वर चालवलं तर? खिडकी उघडली ना तिथे.

टिंबटिंब
हे मात्र खरं. प्रोग्रॅममध्ये ३.१२ चं खास काही नसेल तर /यूएसआर/बिन/पायथन३ ने चालवून उद्याचा दिवस निभावेल.

चटकन
एकदा पिप इन्स्टॉल टीके करून बघायला हरकत नव्हती.

मॅकमधला
मॅकवर होमब्रूचं पायथन असेल तर पायथन-टीके वेगळं ब्रू इन्स्टॉल करावं लागतं, आवृत्तीसकट. कोणी मॅकवाला पुढे हा धागा शोधत आला तर म्हणून लिहून ठेवतोय.

घाईगडबड
बांधायला बराच वेळ लागला. मध्ये पडदा हलेनासा झाला तेव्हा बंद करणार होते, पण थांबले. या वेळी वरच्या ओळी वाचल्या, एकही वॉर्निंग नाही. आयडल उघडलं, टीसीएल/टीके ८.६ दाखवतंय. प्रोग्रॅमही चालला.

एक राहिलं. परवाच या ३.१२ वर व्हेन्व्ह (पॅकेजेस वेगळी ठेवायची जागा) बनवलं होतं, त्यात बाकीची पॅकेजेस आहेत. ते पाडून परत बनवायचं का?

टिंबटिंब
नको. व्हेन्व्हची स्वतःची स्टँडर्ड लायब्ररी नसते, ते मूळ पायथनचीच वापरतं. आवृत्ती तीच ठेवलीत ना? मग ते चालू करून आत पायथन -एम टीकेइंटर मारा, खिडकी दिसेल.

घाईगडबड
दिसली.