परसातला उतार: सिमेंटची भिंत पडली, आता कोरडी ताल (नुसत्या दगडांची बांधासारखी भिंत) घालू का?

पिंपळनेरची ताई
राम राम मंडळी. आमचं घर गावाबाहेर, टेकडीच्या अंगाला. परस २५ फूट रुंद, ३० फूट लांब, आणि तेवढ्यात ६ फुटांचा उतार. वर २ फूट काळी माती, खाली मुरूम. तीन वर्षांपूर्वी खालच्या कडेला ४ फूट उंच दगडी भिंत सिमेंटात बांधून घेतली. गेल्या श्रावणात चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी सकाळी बघते तर भिंतीनं मधोमध पोट काढलेलं. हात लावला तर ती गार होती, ओलसर होती, पण सांध्यांतून थेंबभरही पाणी येत नव्हतं. संध्याकाळी सगळी भिंत शेवग्यासकट खाली आली. शेवगा सासूबाईंनी लावलेला. त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही.

दगड जागेवरच पडलाय, चांगला काळा, दीड ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) भरेल. पांझरा नदीवरचे फडाचे, म्हणजे गावाच्या सामायिक पाटपाण्याचे, जुने दगडी बंधारे शेकडो वर्षं टिकले, मग माझी भिंत तीन वर्षांत का गेली? आता चुना-सिमेंटाशिवाय कोरडी ताल घालावी म्हणते. जमेल का?

शहाद्याचा भाऊ
ताई, बंधारा खडकावर बसवलेला असतो आणि पुराचं पाणी त्याच्या डोक्यावरून निघून जातं. तुमच्या भिंतीमागे ते कोंडलं. काळी माती भिजली की फुगते, शिवाय पाण्याचा दाब. सांध्यांतून थेंब आला नाही म्हणता, तिथंच सगळं कळलं. भिंतीला पाणी जायला छिद्रंच ठेवली नसणार.

कोरडी ताल जरूर घाला, पण एकच उंच नको. अडीच-अडीच फुटांच्या दोन घाला, मध्ये १० फूट सपाट जागा सोडा. उरलेला फूटभर उतार राहू द्या. पाया काळ्या मातीत अजिबात नको. मुरूम लागेपर्यंत खणा आणि मुरमातही ९ इंच खाली जा. तळाला रुंदी दीड फूट, वर १ फूट. तोंड फुटामागे २ इंच मागे झुकलेलं, ओळंब्यात सरळ नको. दर ३-४ फुटांवर एक लांब दगड तोंडापासून पाठीपर्यंत आरपार घाला. दगड हलला तर पुढून चिप (दगडाची बारीक पाचर) मारू नका, मागून मारा.

आणि पाठीमागे फूटभर रुंदीत खडी किंवा डबराचा भराव, तळापासून वरपर्यंत. काळी माती दगडाला टेकू द्यायची नाही. आमचे आजोबा म्हणायचे, "पानीले वाट द्या, नहीते ते सोतानी वाट सोताच करी लेस." तुमच्या दोन्ही तालींना पाया धरून साधारण साडेतीन ब्रास दगड लागेल. दोनेक ब्रास कमी पडतोय.

चोपड्याची काकू
वरच्या तालीच्याही वर, उताराच्या माथ्यावर आडवी चारी काढ गं बाई, वीतभर खोल, आणि पाणी बाजूच्या नाल्याला लाव. आम्ही आधी ताल घातली, चारी नंतर काढली. त्या एका पावसाळ्यात निम्मी माती वाहून गेली. तालीच्या कडेनं वाळा लाव. त्याची मुळं सरळ खाली जातात, दगड ढकलत नाहीत. शेवगा मात्र तालीपासून लांबच.

पिंपळनेरची ताई
काकू, भाऊ, जीव थोडा शांत झाला. आजच पाया उकरून पाहिला. भिंत काळ्या मातीतच उभी होती, मुरूम अजून हातभर खाली. गवंड्याला तेव्हा विचारलं होतं, तो म्हणाला होता पाया पक्का आहे.

शेवग्याची एक फांदी पडल्या दिवशीच तोडून ओल्या पोत्यात ठेवली होती आणि नंतर कुंडीत लावली. तिला बोटभर फूट आलीय. भाऊ, दोन तालींमधल्या १० फुटांत बरोब्बर मधोमध लावली तर चालेल ना? दोन्हीकडे ५ फूट राहतात.

शहाद्याचा भाऊ
५ फूट कमी पडतील, ताई. खालच्या तालीच्या पुढे सपाटीला लावा, ८-१० फूट सोडून. तिथं मुळांनी दगड हलणार नाही, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून झाडही दिसेल.