पुरातन वास्तू दाखवून भूमिती येते का?

कर्कटक
भूमितीच्या पुस्तकात पिरॅमिड, अथेन्सचं पार्थेनॉन मंदिर, ताजमहाल यांचे फोटो आता हमखास असतात. पण कुठे, तर धड्याच्या शेवटी, रंगीत चौकटीत. मुलं ती वाचत नाहीत, शिक्षक शिकवत नाहीत. माझं म्हणणं असं की वास्तू धड्याच्या सुरुवातीला आणा आणि प्रश्न म्हणून आणा.

विजापूरचा गोलघुमट घ्या. 1656 साली पुरा झाला. खाली चौरस दालन, वर बाहेरून सुमारे 44 मीटर व्यासाचा घुमट. चौरस भिंतींवर गोल टेकवायचा कसा? तिथल्या कारागिरांनी दोन चौरस एकमेकांवर 45 अंशांत फिरवले, त्यांच्या रेषांवर आठ कमानी उभ्या केल्या. कमानी एकमेकींना छेदतात, मधे अष्टकोन उरतो आणि वर्तुळाला टेकायला तो चौरसापेक्षा कितीतरी सोयीचा. आता मुलांना पट्टी-कंपासने हेच कागदावर काढायला लावा आणि विचारा, मधला अष्टकोन सुसम, म्हणजे सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेला, आहे का? एवढ्या प्रश्नात एकरूपता आली, काटकोन समद्विभुज त्रिकोण आले, √2 सुद्धा आला. अष्टकोनाची बाजू चौरसाच्या बाजूच्या (√2 − 1) पट भरते.

रोकठोक
वाचायला झकास. वर्गात काय होतं ते सांगतो. मुलं अष्टकोन काढतात, पट्टीने बाजू मोजतात, सगळ्या 2.1 सेंमी येतात, 'हो सर, सुसम आहे'. संपला तास. मोजून आलं म्हणजे सिद्ध झालं, ही समजूत मोडायला तर भूमिती शिकवायची, आणि तुम्ही तिलाच खतपाणी घालताय.

पिएर आणि डिना व्हॅन हील या डच शिक्षक दांपत्याने 1957 मध्ये भूमितीच्या आकलनाच्या पायऱ्या मांडल्या. आधी आकृती नुसती ओळखता येते, मग तिचे गुणधर्म कळतात, मग गुणधर्मांचे आपसातले संबंध, त्यानंतर सिद्धता. मधली पायरी गाळून वर जाता येत नाही. फोटो दाखवून मूल पहिल्या पायरीवरच मजेत बसून राहतं.

पेन्सिलटोक
पूर्ण सहमत. त्यात या वास्तूंच्या नावाने थापाही किती! पार्थेनॉन सुवर्ण गुणोत्तरात, म्हणजे सुमारे 1.618 ला 1 या प्रमाणात, बांधलंय म्हणे. चौथऱ्याची मापं सुमारे 69.5 आणि 30.9 मीटर. भागा. 2.25 येतं, म्हणजे 9:4. 1.618 कुठून आणलं? बरं, तो चौथराही सपाट नाही. लांब बाजूला मधोमध साधारण 11 सेंमीचा फुगवटा मुद्दाम ठेवलाय. याला आपण 'आयताचं उदाहरण' म्हणणार.

कर्कटक
@पेन्सिलटोक, तुम्ही आत्ता जो भागाकार केलात तोच मुलांकडून करून घ्या ना! याहून चांगला तास कोणता?

@रोकठोक, 'मोजून आलं' तिथे तास संपवायचा की नाही, हे शिक्षकाच्या हातात आहे. पुस्तकातल्या कोऱ्या त्रिकोणावरही मुलं मोजूनच उत्तर देतात. तो दोष वास्तूच्या माथी कशाला?

उतरती_छपरं
माझा अनुभव दोघांच्या मधला. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचे फोटो वाटले आणि कोनमापक लावून उतार मोजायला सांगितला. कोणाला 52 अंश, कोणाला 42. वर्गात हमरीतुमरी! दोन्ही बरोबर होते. एक फोटो समोरून, दुसरा कोपऱ्याकडून, दोन्ही बऱ्याच लांबून घेतलेले. पाया सुमारे 230 मीटर, मूळ उंची 146.6. समोरून पाहिलं तर उंचीला पायाचा अर्धा भिडतो, कोपऱ्याकडून पाहिलं तर कर्णाचा अर्धा. मग एकाने विचारलं, बाजूच्या त्रिकोणावर प्रत्यक्ष कोनमापक ठेवला तर? पायाशी 58 अंश. एकाच दगडी ढिगाऱ्याचे तीन कोन, आणि तिन्ही पायथागोरसने जोडलेले. तो दिवस सार्थकी लागला.

सुवर्ण गुणोत्तराबद्दल: इजिप्तमध्ये उतार 'सेकेद'ने सांगत, 7 भाग चढताना किती भाग आत सरकायचं ते. या पिरॅमिडला साडेपाच. परिमिती भागिले उंची काढा, 44/7 येतं, म्हणजे 22/7 ची दुप्पट. झाला π! तिरकी उंची भागिले पायाचा अर्धा काढा, 1.618 च्या अगदी जवळ. दोन्ही 'गूढं' एका साडेपाचातून आपोआप पडतात.

रोकठोक
हे आवडलं. पण यात पिरॅमिडचं काय? एक चौरस सूची, म्हणजे चौरस पायाचा टोकदार आकार, फळ्यावर काढली असती तरी तीन कोन आलेच असते.

उतरती_छपरं
आले असते. भांडण झालं नसतं.

सावलीचं_घड्याळ
'वास्तू म्हणजे सजावट' म्हणणाऱ्यांनी जयपूरचं सम्राट यंत्र, म्हणजे सावलीवरून वेळ सांगणारं भलंमोठं घड्याळ, बघावं. सवाई जयसिंगांनी बांधलेला सुमारे 27 मीटर उंच काटकोन त्रिकोण. कर्णाचा जमिनीशी कोन 27 अंश, म्हणजे जयपूरचा अक्षांश. का? कर्ण पृथ्वीच्या अक्षाला समांतर हवा म्हणून. पण 'समांतर म्हणून अक्षांशाएवढा' ही उडी सिद्ध करायला लागते. पृथ्वीचं वर्तुळ काढा, जयपूरपाशी स्पर्शिका काढा, ती झाली जमीन. स्पर्शिका त्रिज्येला लंब, समांतर रेषांचे संगत कोन, झालं. दहावीपर्यंतचीच दोन प्रमेयं, आणि ती नसती तर यंत्राने वेळ चुकीची दाखवली असती. दिल्लीच्या सम्राट यंत्राचा उतार पावणेदोन अंशांनी जास्त का, हे मग मुलं स्वतः सांगतात.

रोकठोक
यंत्र आहे ते, गणितातूनच जन्मलंय. ताजमहाल घेऊन असं काही दाखवा. 'सममिती आहे' याच्या पुढे जाऊन. रोमच्या पँथिऑनच्या घुमटात प्रत्येक ओळीत 28 खोबणी आहेत. 28 बाजूंचा सुसम बहुकोन पट्टी-कंपासने नेमका काढताच येत नाही, कारण 7 बाजूंचाच येत नाही. कारागिरांनी तरी भागवलंच ना! म्हणजे बांधायला सिद्धता लागत नाही. तुम्ही वास्तूतून शिकवाल ती कारागिरी. युक्लिडची सिद्धतेची भूमिती वेगळी.

पेन्सिलटोक
+1. पण पट्टी-कंपासने काय *होत नाही*, हे शिकवायला पँथिऑन फक्कड आहे, हे मात्र मानतो.

कर्कटक
ताजमहाल तर ताजमहाल. माझ्या पहिल्या प्रश्नातले दोन चौरस घ्या, फक्त फिरवलेला चौरस थोडा मोठा करा. मधला अष्टकोन आता सुसम नाही. चार बाजू लांब, चार आखूड. हाच ताजच्या मुख्य इमारतीचा आराखडा, कोपरे छाटलेला चौरस. कोन मात्र सगळे 135 अंशांचेच राहतात, छाट लहान असो की मोठी.

रोकठोक
हे मोजून सांगताय की सिद्ध करून?

सावलीचं_घड्याळ
मी करतो. फिरवलेल्या चौरसाची बाजू मूळ चौरसाच्या बाजूंना 45 अंशांत छेदते. कोपऱ्यातून निघतो तो त्रिकोण काटकोन समद्विभुज, त्याचे लघुकोन 45चे. अष्टकोनाचा कोन त्यांच्या रेषीय जोडीतला, म्हणून 180 − 45. छाट किती, हे सिद्धतेत कुठे येतच नाही.