घरी काढलेला रस : तुमच्या घरचा अनुभव सांगा

मागच्या उन्हाळ्यात सासऱ्यांची रक्तातली साखर एकदम वाढली. डॉक्टरांनी विचारलं, "रस किती पिता?" पौष्टिक म्हणून आम्हीच रोज सकाळी त्यांना चार मोसंब्यांचा मोठा ग्लास देत होतो. चार मोसंब्या सोलून समोर ठेवल्या तर ते दोनही संपवत नाहीत, हे तेव्हा ध्यानात आलं. चोथा गाळला की साखर भराभर रक्तात उतरते. आता ते फळच खातात. तरी रस घरातून हद्दपार करावा असं मला वाटत नाही. तुम्ही कोणता रस करता, कसा करता, कुणाला मानवला आणि कुणाला नाही? नुसती कृती नको, घरात घडलेलं लिहा.

नागपूरहून
आमच्याकडे संत्र्यांना तोटा नाही. हिवाळ्यात आंबिया बहार, उन्हाळ्याच्या तोंडाशी मृग. लग्नानंतर पहिल्यांदा रस केला तेव्हा फोडी बियांसकट मिक्सरमध्ये घातल्या आणि रस कडूजहर झाला. बिया फुटल्या की कडवटपणा उतरतोच. बिया काढल्या तरी रस ठेवून दिला की हळूहळू कडू होतो, लिमोनिन नावाच्या द्रव्यामुळे. आई फोडींवरची पातळ साल सोलून गर हाताने कुस्करायची, गाळायची नाही. मीही आता तसंच करते आणि काढल्या काढल्या सगळ्यांना हाका मारते.

सोलापूरहून
सातव्या महिन्यात माझं हिमोग्लोबिन ९ वर आलं. लोहाच्या गोळ्यांनी पोट जड व्हायचं म्हणून मी त्या सोडल्या आणि सासूबाई मायेने रोज भगव्या डाळिंबाचा रस देऊ लागल्या. लाल रस रक्त वाढवतो, असंच आम्ही धरून चाललो होतो. महिन्याने तपासलं तर आकडा जागचा हलला नव्हता. डाळिंबात लोह अगदी थोडं असतं, असं डॉक्टरबाईंनी समजावलं. गोळी पुन्हा सुरू केली, चहाबरोबर न घेता लिंबूपाण्याबरोबर, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह नीट शोषलं जातं. बाळंतपणापर्यंत ११ झालं. डाळिंबाचा रस अजून करतो, चवीसाठी. दाणे गाळणीत घालून पळीने दाबायचे. मिक्सरमध्ये बी भरडलं की रस तुरट होतो.

रत्नागिरीहून
आमचा रस मिक्सरचा नाही, उन्हाचा. मे महिन्यात रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, एकदम पिकतात आणि पाऊस आला की झाडाखाली कुजून जातात, म्हणून ते आठ-पंधरा दिवस घरात दुसरं काम नसतं. रतांबे धुऊन, कोरडे पुसून अर्धे कापायचे. बिया आणि गर वेगळा काढायचा. उरलेल्या सालींच्या वाट्यांत साखर दाबून भरायची आणि चिनी मातीच्या बरणीत थर लावायचे. तोंडाला पांढरं फडकं बांधून बरणी उन्हात, संध्याकाळी घरात. आठवडाभरात साखर विरघळून लालभडक पाक सुटतो. तो गाळून त्यात मीठ आणि जिरेपूड. पितळेच्या भांड्याला लावायचा नाही, आंबट पाक पितळेत कळकतो. एका वर्षी मी ओली पळी घातली आणि अख्ख्या बरणीला बुरशी आली. आई एक शब्द बोलली नाही, पण ती बरणी मागच्या दारी ओतताना मला रडू फुटलं.

गरात मीठ घालून आगळ होतं, बियांचं मुठेल, म्हणजे घट्ट तेल, भेगाळलेल्या टाचांना लागतं. बाबांना मधुमेह आहे, त्यांच्यासाठी साखर न घालता आगळाचं पाणी. आत्याला रक्तदाब, तिला मिठाचं आगळ चालत नाही. तिच्यापुरती मिठाचा पुट न देता वाळवलेली सोलं, म्हणजे कोकमाच्या साली, भिजत घालतो. एकाच झाडाचं फळ, पण तिघांचे पेले वेगळे.

पुण्याहून
आईचं डायलिसिस चालू आहे. भेटायला येणारे प्रेमाने शहाळं आणतात, संत्र्याचा रस काढून आणतात. त्यातलं पोटॅशियम तिच्या शरीरातून बाहेर पडत नाही, हे प्रत्येकाला सांगावं लागतं. करमर (स्टारफ्रूट) तर तिच्यासाठी विषच. मूत्रपिंड निकामी असलेल्याच्या ते जिवावर बेतू शकतं. कृपा करून आजाऱ्याकडे रस नेण्याआधी त्याच्या घरच्यांना विचारा.

नाशिकहून
मला लहानपणापासून टाईप १ मधुमेह आहे, इन्सुलिनवर आहे. साखर ७० च्या खाली गेली, हात थरथरू लागले की अर्धा कप रस, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. चावत बसायला तेव्हा वेळ नसतो. ताई, तुमच्या सासऱ्यांना जो नडला तोच वेग मला वाचवतो. आमच्या फ्रीजमध्ये माझी छोटी बाटली असते आणि माझ्या लेकीला ती कुठे आहे हे अंधारातही सापडतं.

पुन्हा नागपूरहून
रत्नागिरीच्या ताई, कोकमाला साखर किती? यंदा मावसबहीण रतांबे पाठवणार आहे.

रत्नागिरीहून
वाट्यांच्या वजनाच्या दुप्पट. ऐकून धसका बसेल, पण कमी घातली तर पाक आंबतो. प्यायला घेताना पेल्यात दोनच चमचे, बाकी माठाचं पाणी. आणि पळी कोरडी हं!