ड्रिलिंग आणि उद्याचा फोन इंटरव्ह्यू

ए-४०२ काकू: नमस्कार. उद्या ११ ला लेकीचा फोनवर इंटरव्ह्यू आहे आणि डोक्यावर ५०२ चं ड्रिलिंग परत सुरू झालंय. मागच्या मीटिंगमध्ये काय ठरलं ते आठवतंय ना कोणाला?

ए-५०२: काकू १० ते १ ठरलंय, वेळेतच चालू आहे. परवानगी घेतलीये.

बी-१०३ काका: तिच्या मोबाईलमध्ये अनोळखी नंबर सायलेंट करायची सेटिंग असेल तर बंद करायला सांगा. एचआरचा नंबर सेव्ह नसतो, रिंगच वाजत नाही.

सी-२०१ काका: वेळेत?? मग रविवारी दुपारी कोण ठोकत होतं

ए-५०२: आम्ही नव्हतो. खात्री करून बोलत जा काका.

बी-३०४ ताई: अहो भांडण नंतर. मी एचआरमध्येच आहे, दिवसभर हेच कॉल करते. पहिला कॉल साधारण २०-३० मिनिटांचा असतो. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की शाळेपासून सुरू करू नकोस, आत्ता काय करतेस, आधी काय केलंस, ही नोकरी का हवी, दीड मिनिटात संपव. रेझ्युमे आणि जॉब डिस्क्रिप्शन समोर ठेव, पण उत्तरं लिहून वाचू नकोस गं, आम्हाला लगेच कळतं, आवाज सपाट होतो आणि मध्येच प्रश्न विचारला की गाडी अडते. नुसते मुद्दे लिही.

सी-२०१ काका: आमच्या वेळी समोर बसवायचे, चेहऱ्यावरून माणूस कळायचा

बी-३०४ ताई: काका इथे चेहरा दिसत नाही तीच तर अडचण आहे. मान डोलावून भागत नाही, तोंडाने ‘हो, बरोबर’ म्हणावं लागतं. विचार करायचा असेल तर ‘एक मिनिट द्या’ म्हणायचं, गप्प बसलीस तर समोरच्याला वाटतं कॉल कट झाला. पगाराची अपेक्षा आणि नोटीस पिरियड पहिल्याच कॉलला विचारतात बरेचदा, आकडा आजच ठरवून ठेव.

बी-१०३ काका: अनोळखी नंबर सायलेंट सेटिंग बंद. परत सांगतोय.

ए-६०१: कॉल वेटिंग पण बंद कर, #४३# डायल करायचं, नंतर *४३# ने चालू. नाहीतर मध्येच काकूंच्या बहिणीचा फोन, झाला का गं इंटरव्ह्यू 😄

ए-४०२ लेक: आई प्लीज हे ग्रुपवर टाकायची काय गरज होती

सेक्रेटरी: उद्या १०:३० ते १२ ड्रिलिंग बंद. ५०२ ने राहिलेलं काम १ नंतर करावं. विषय संपला.

ए-५०२: चालेल. पर्सनलवर विचारलं असतं तरी थांबवलंच असतं, सगळ्यांसमोर फ्लॅट नंबर घ्यायची गरज नव्हती.

ए-४०२ काकू: सोमवारीच विचारलंय, निळी टिक पण आहे. असो, थँक्यू.

बी-१०३ काका: सेटिंग बघितली का कोणी??

ए-४०२ लेक: ताई रात्री थोडी प्रॅक्टिस घ्याल का, मी येते खाली

बी-३०४ ताई: येऊ नकोस, फोनवरच घेऊ, म्हणजे आवाज कसा येतो ते कळेल. मीच ९ ला लावते. माझा नंबर सेव्ह करू नकोस, रिंग वाजते का तेही बघू.