तिसऱ्या मजल्यावर 6 × 2 × 2 फुटांचा फिशटँक: स्लॅब झेपेल का?

गप्पी_ते_ऑस्कर:
पुण्यात चार मजली आरसीसी बिल्डिंग, बांधकाम 1994 चं, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. 6 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच टाकी ठेवायची आहे, काच 12 मिमी. 24 घनफूट म्हणजे 680 लिटर पाणी. हॉल 10 × 16 फुटांचा. जागा तीन सुचतात: जिन्याकडची 16 फुटी भिंत, हॉल आणि बेडरूममधली 4 इंची भिंत (10 फुटांची बाजू), किंवा आत घेतलेली गॅलरी, कारण तिथे उजेड चांगला आहे. सुतार म्हणतो, "स्लॅबला काही होत नाही." खालचे काका म्हणतात, आधी लेखी आणा. कोणाचं खरं मानू?

ओळंबा:
काकांचं. पण त्यासाठी टाकीचा नाद सोडायची गरज नाही.

आधी वजन नीट धरा. काठापासून 2 इंच खाली भरलीत तर पाणी 620 लिटरच्या आसपास. काच 125 किलो. 2 इंच रेती कोरडी 90 किलो, पण ती 35 लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे निव्वळ 55. दगड-लाकूड 20, लोखंडी स्टँड प्लायसकट 80. एकूण 900 किलो. खाली सम्प (स्टँडमध्ये ठेवलेली फिल्टरची दुसरी टाकी) असेल तर आणखी 100.

हे वजन बसतं 12 चौरस फुटांवर, म्हणजे दर चौरस मीटरला 800 किलो. राहत्या खोलीसाठी आयएस 875 भाग 2 (1987) या भारतीय मानकातला लाइव्ह लोड, म्हणजे माणसं आणि सामानासाठी धरायचा भार, आहे दर चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, साधारण 200 किलो. चौपट आकडा बघून लोक घाबरतात. पण तुमच्या हॉलच्या पूर्ण स्लॅबसाठी तोच भार धरला तर जवळपास 3 टन होतो. त्यामुळे टाकी किती किलोची यापेक्षा ती स्लॅबवर कुठे बसते हे जास्त महत्त्वाचं.

10 × 16 चा स्लॅब बराचसा भार आखूड दिशेनेच वाहतो, म्हणून हिशेबापुरता तो 10 फुटांचा एकदिशी, म्हणजे फक्त दोन समोरासमोरच्या बाजूंवर टेकलेला, धरू. डिझाइनमध्ये लाइव्ह लोडमुळे येणारा बेंडिंग मोमेंट (स्लॅबला वाकवणारा जोर) 100 माना. 16 फुटी भिंतीला समांतर, पण खोलीच्या मधोमध टाकी ठेवलीत तर एकट्या टाकीचा मोमेंट 145 च्या पुढे जातो. सोफा आणि पाहुणे अजून आलेलेच नाहीत. तीच टाकी 16 फुटी भिंतीखालच्या बीमला लागून ठेवली तर तो 60 च्या आसपास राहतो, कारण भार थेट बीमवर उतरतो.

मधोमध ठेवली म्हणून स्लॅब त्याच दिवशी खाली येणार नाही, सुरक्षेची राखीव ताकद असते. पण ती खराब सिमेंट, गंजलेल्या सळया आणि न कळलेल्या चुकांसाठी ठेवलेली असते, माशांसाठी नव्हे. शिवाय भार कायमचा, त्यामुळे स्लॅब वर्षानुवर्षं हळूहळू वाकत राहतो.

म्हणून जिन्याकडची भिंत. 4 इंची भिंतीखाली बीम असेलच असं नाही, बऱ्याचदा ती नुसती स्लॅबवर चढवलेली असते. तसं असेल तर तिथली टाकी स्लॅबच्या आखूड दिशेने लांबीत बसते आणि दोन-अडीच फुटांच्या एकाच पट्टीला सगळं ओझं वाहावं लागतं. ओळखायचं असं: खालच्या काकांकडे जाऊन छताकडे बघा. बीम खाली उतरलेला दिसतो, फॉल्स सीलिंग असेल तर त्याची एक चौकट उघडून.

टाकीकार:
स्टँडचं मी सांगतो. चार पायांचा स्टँड नको. 900 किलो चार पायांवर म्हणजे पायाला 225 किलो. पाय 2 × 2 इंचांचा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला 9 किलो येतात. फरशी खालून पोकळ असेल तर तडकतेच. आधी जागेवरची प्रत्येक फरशी नाण्याने वाजवून बघा. बद्द वाजली तर ती काढून पुन्हा बसवा.

स्टँडला खालीही पूर्ण चौकट हवी, मध्ये निदान दोन आडव्या पट्ट्या, आणि चौकटीखाली 18 मिमी मरीन प्लाय. फट भरायची ती पाचर स्टँडखाली, टाकी आणि स्टँडच्या मध्ये कधीच नाही. तिथे फक्त 12 मिमी थर्माकोल, आणि तोही काचेचा तळ थेट टेकत असेल तरच. तळ वर उचललेल्या, कडेच्या फ्रेमवर बसणाऱ्या टाकीला थर्माकोल घातला तर तळाची काच मधून ढकलली जाते.

पाणसळ लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर लावा. मग पाव टाकी भरून पुन्हा बघा, अर्धी भरून रात्रभर ठेवा. सकाळी बुडबुडा सरकलेला दिसला तर पाणी काढा आणि पाचर बदला. भरलेली टाकी जॅक लावून उचलायचा उद्योग करू नका, सिलिकॉनचा सांधा पिळवटतो. पिळवटलेला सांधा त्या दिवशी गळत नाही, सहा महिन्यांनी गळतो.

गप्पी_ते_ऑस्कर:
काकांच्या छताला जिन्याकडे बीम दिसतो, 4 इंची भिंतीखाली नाही. गॅलरीबद्दल कोणीच बोललं नाही. तिथला लाइव्ह लोड जास्त धरतात ना?

ओळंबा:
हो, 300 किलो. पण तो माणसांच्या गर्दीसाठी. गॅलरीचा स्लॅब बहुतेक वेळा एका बाजूनेच धरलेला असतो आणि मुख्य सळया वरच्या अंगाला, फरशीच्या लगेच खाली. तीस वर्षांचं पावसाचं पाणी फरशीच्या सांध्यांतून नेमकं त्यांच्यावरच झिरपतं. हॉलचा स्लॅब आधी वाकून, भेगा पडून बोलतो. गॅलरी तेवढी सवड देत नाही. उजेडासाठी एलईडी लावा.

लेखी हवं तर सोसायटीच्या फायलीतून आरसीसी ड्रॉइंग (सळया दाखवणारा नकाशा) शोधा. महापालिकेच्या मंजूर नकाशात सळया नसतात. आरसीसी ड्रॉइंग घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागेवर बोलवा. काकांच्या छताला सळईच्या रेषेत तांबूस भेगा असतील किंवा प्लास्टर बद्द वाजत असेल, तर आधी ती दुरुस्ती. जुन्या वाड्याच्या लाकडी तुळयांवर किंवा चाळीतल्या लोखंडी गर्डरच्या मजल्यावर हा हिशेब लावू नका, तिथे तुळईची टोकं भिंतीत कुजलेली असली तर वरून कळतही नाही.

टाकीकार:
आणखी एक. सम्प लावलात तर रिटर्न पाइपला (सम्पमधून पाणी वर टाकीत आणणारा) टाकीतल्या पाण्याच्या पातळीजवळ 4 मिमीचं भोक पाडा. वीज गेली की पाणी उलटं खेचलं जातं. भोक उघडं पडलं की हवा शिरते आणि ओढ तुटते. ते भोक शेवाळाने बुजतं, दर आठवड्याला काडी घाला. आणि प्लगची वायर आधी बोर्डाच्या खाली लोंबून मग वर गेली पाहिजे, म्हणजे ओघळ बोर्डात न शिरता जमिनीवर पडेल.